मासळीबाजारातला नमस्कार

गिरिधर वझलवारांच्या हाती माईक देणं सोपं, परत घेणं महाकठीण, हे रामदासपेठेतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला चांगलंच ठाऊक होतं. तरी दिला. मंडळात युरोप पाहून आलेले दहाबारा जण होते, पण ते सगळे टूरवाल्याच्या छत्रीमागे पळत पाहून आलेले. स्वीडनसारख्या आडवाटेच्या देशात, एकाच गावात, अडीच महिने मुक्काम ठोकून आलेले गिरिधरराव एकटेच. त्यांची मुलगी भैरवी गोथेनबर्गला नोकरी करते. समुद्रकाठचं गाव, चारशे वर्षांचं जुनं. जूनच्या शेवटी गिरिधरराव आणि यमुताई तिच्याकडे गेले ते सप्टेंबरात परतले, आणि त्या दिवसापासून 'आमच्या गोथेनबर्गले' या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं रामदासपेठेत ज्याच्या त्याच्या कानावर पडू लागली.

शनिवारी संध्याकाळी पाचला मंडळाच्या हॉलमध्ये साठेक डोकी जमली. पडदा लागला, दिवे मंद झाले. पहिल्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष वामनराव. दुसऱ्या रांगेत, बायकांच्या बाजूला, यमुताई आणि त्यांच्या शेजारी प्रयागबाई. यमुताईंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. नवऱ्याचा कार्यक्रम होता ना.

गिरिधरराव भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेला, त्यामुळे गावाचा नकाशा डोक्यात बसवून घ्यायची त्यांना सवय. विमानात बसायच्या आधीच त्यांनी गोथेनबर्ग वाचून पाठ केलं होतं. दलदलीवर गाव वसवायचं म्हणून राजाने डच लोक बोलावले, त्यांनी कालवे खोदले, हे त्यांनी सांगितलं. हागा नावाच्या जुन्या वस्तीतली खाली दगडाची, वर लाकडाची घरं दाखवली. तिथली जेवणाच्या ताटलीएवढी दालचिनीची पावरोटी दाखवली. टेकडीवरचा किल्ला दाखवला, निळ्या ट्रामगाड्या दाखवल्या, हातात मासा घेतलेला समुद्रदेवाचा उघडाबंब पुतळा दाखवला, तेव्हा बायकांच्या रांगेत जराशी खसखस झाली. बाकी पाऊण तास लोक शहाण्यासारखे गप्प बसले होते, आणि गिरिधररावांना नेमकं तेच सोसवत नसे. मागे कोणी जांभई दिली. स्वयंपाकघरात चहाचे कप वाजू लागले. वामनरावांनी घड्याळ पाहिलं.

आणि तेवढ्यात पडद्यावर तो फोटो आला.

हा फोटो आला की 'ही मासळीबाजाराची इमारत' एवढंच म्हणून पुढे सरकायचं, असं गिरिधररावांनी घरून ठरवून आणलं होतं. घरी माणूस बरंच काही ठरवतो.

कालव्याच्या काठी एक देखणी लांबट वास्तू. उतरतं उंच छप्पर, टोकदार कमानीच्या खिडक्या, कोणीही म्हणेल चर्च आहे. दारापुढे पोपटी लुगड्यातली एक बाई अनवाणी, उंबरठ्यावर डोकं टेकवून. बाजूला तिचे पांढरे बूट नीट जोडीने ठेवलेले. आणि दारात, पांढरा एप्रन बांधलेला एक उंच गोरा माणूस, दोन्ही हातांवर हातभर लांबीचा मासा घेऊन, तोंड उघडं टाकून उभा.

"हे काय वं बाई?" प्रयागबाई मोठ्याने म्हणाल्या.

झालं. गिरिधररावांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"सांगतो," गिरिधरराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम ताजातवाना झाला. "ही इमारत दिसते चर्चसारखी, पण आहे मासळीबाजार! दीडशे वर्षांपासून. तिथले लोकच हिले मासळीचं चर्च म्हणतात. आता आमच्या घरी अंड्याचं टरफलही कधी आलं नाही, अन् त्यात श्रावण, तोही सोमवार. आमच्या हिनं कळसासारखं छप्पर पाहिलं, की काढले बूट! मी मागून पाहून राहिलो. पर्समधून निघाली हळदकुंकवाची डबी. उंबरठ्यावर बोटं ओढली. डोकं टेकवलं. अन् डोकं वर करते तर देव काय घेऊन उभा? मासा!"

हॉल फुटला. वामनराव खुर्चीच्या हाताला धरून हसले. मागच्या जांभईवाल्यांचेही डोळे उघडले. साठ माणसांचं हसू एकाच वेळी अंगावर आलं की भल्याभल्यांना चढतं. गिरिधररावांना चढलं आणि त्यांनी आणखी एक घास घेतला.

"तुम्ही सांगितलं नाही काय गा वैनीले?" वामनरावांनी डोळे पुसत विचारलं.

"मले तर आधीपासून ठाऊक होतं! मी वाचूनच गेलो होतो. पण म्हटलं, पाहू तर खरं काय करते. अन् मोबाईल काढला."

पुन्हा हसू. प्रयागबाईंनी यमुताईंच्या मांडीवर थाप मारली. "काय वं यमुताई, श्रावणसोमवारी मासळीले कुंकू!"

गिरिधररावांनी तेव्हा दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. इतका वेळ यमुताई ओशाळून का होईना, हसत होत्या. 'मले आधीपासून ठाऊक होतं' हे ऐकलं आणि त्यांचं हसू गेलं. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं, अगदी सरळ, जसं एखाद्या अनोळखी माणसाला आपण पाहतो. मग मांडीवरच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.



हॉलला न सांगितलेला भाग गिरिधररावांना आठवला. त्या दिवशी एप्रनवाल्याने बिचाऱ्याने मासा आत ठेवून येऊन यमुताईंना हात देऊन उठवलं होतं. कुंकू पुसलं नाही, त्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेला. आत बर्फावर मांडलेली मासळी दिसली तेव्हा यमुताईंचा चेहरा पांढराफटक पडला. घरी येऊन त्यांनी अंघोळ केली आणि त्या दिवशी पाण्यापलीकडे काही घेतलं नाही. संध्याकाळी भैरवी बाहेर गेल्यावर त्या गिरिधररावांजवळ येऊन बसल्या. "माझं चुकलं. मले वाटलं देवाचं घर आहे. तुम्हालेही माहीत नव्हतं म्हणा. पण एवढं एक नागपुरात कोणाजवळ बोलू नका. बायका मले जगू द्यायच्या नाहीत." गिरिधररावांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली. 'तुम्हालेही माहीत नव्हतं' या वाक्यापाशी त्यांना बोलता आलं असतं. ते बोलले नव्हते.

आता तो विषय मागे टाकावा म्हणून त्यांनी घाईघाईने बटण दाबलं. एक पूल गेला, एक बाग गेली, आणि कालव्याकाठी उतरतानाचा नवराबायकोचा फोटो पडद्यावर आला. मागे उघडी, चपटी, बसकी नाव. यमुताईंची साडी कमरेपासून खाली चिंब. गिरिधररावांची राखाडी पँटही ओली. फोटोत पूल छान आला होता, म्हणून ठेवला होता.

"अन् हे काय?" वामनराव आता रंगात आले होते. "वैनी एवढ्या ओल्या कायच्यानं झाल्या? तिथे काय कालव्यालेच नमस्कार केला?"

लोक पुन्हा हसायच्या तयारीने पुढे झुकले. सगळे गिरिधररावांकडे बघत होते. माईक न सोडणाऱ्या गिरिधररावांनी माईक या हातातून त्या हातात घेतला.

ती नाव मासळीबाजारानंतर आठ दिवसांनी झाली. गोथेनबर्गला गेलेला प्रत्येक जण त्या नावेत बसतो. पन्नास मिनिटं कालव्यातून फिरवतात, वीसेक पुलांखालून नेतात, एक मुलगी माईकवर गमतीजमती सांगते. बसायच्या आधी भैरवीने कॉफी पाजली. तिथे दुसरा कप, तिसरा कप मागून घेता येतो हे कळल्यावर गिरिधररावांनी तीन घेतले. नावेत शौचालय नसतं हे त्यांच्या वाचनात आलं नव्हतं. वय एकाहत्तर, आणि त्या बाबतीतलं जुनं दुखणं. अर्ध्या वाटेत ते घामाघूम झाले. भैरवी पुढच्या बाकावर, तिला काय सांगणार? आणि सांगून ती करणार काय?

मग तो पूल आला. तो इतका बुटका की सगळ्यांनी बाकावरून उतरून नावेच्या तळाशी उकिडवं बसायचं, नाहीतर डोकं किसलं जाईल. म्हणून तिथले लोक त्याला चीजची किसणीच म्हणतात. गिरिधरराव खाली बसले, गुडघे पोटाशी आले, आणि जे व्हायचं ते झालं. पुलाखालच्या अंधारात गरम ओल मांड्यांवरून पोटऱ्यांपर्यंत उतरली. नाव उजेडात आली. माणसं हसत, कपडे झटकत बाकांवर बसू लागली. गिरिधरराव तिथेच उकिडवे. उठले असते तर साऱ्या नावेला दिसलं असतं.

यमुताईंनी एकदाच पाहिलं. त्यांच्या पिशवीत दीड लिटरची पाण्याची बाटली होती. तिचं झाकण त्यांनी काढलं आणि अख्खी बाटली आधी नवऱ्याच्या मांडीवर, मग आपल्या साडीवर उपडी केली. "अगंबाई! सांडलं की वं सगळं!" असं त्या इतक्या जोरात ओरडल्या की पुढची माणसं वळली. माईकवाली मुलगी काहीतरी बोलली, नाव हसली. भैरवी लाजेने लाल झाली. "आई, एक बाटली सांभाळता येत नाही का गं तुला?"

"हात थरथरतो आताशा माझा," यमुताई म्हणाल्या.

त्यांचा हात कधीच थरथरत नसे. चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात त्या. घरी गेल्यावर ती पँट त्यांनी हाताने धुतली, यंत्रात टाकली नाही, कारण यंत्रात टाकायचे कपडे भैरवी निवडून वेगळे करी. आणि त्या दिवसापासून आजपर्यंत त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, एकांतातसुद्धा नाही. गिरिधररावही बोलले नव्हते. आभार मानायचे तर आधी झालेलं कबूल करावं लागलं असतं.

"बोला नं गा!" वामनराव म्हणाले.

'बोलतो' असं गिरिधररावांच्या मनात आलं होतं. अगदी खरंच आलं होतं. वाक्यही तयार होतं, चार शब्दांचं. पण साठ माणसं, बायकांची रांग, उद्या सकाळी बागेत भेटणारे चेहरे. आणि तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

"माझाच हात हलला, वामनभाऊ. बाटली सांडली. ह्यांचीही पँट भिजवली मी. वेंधळी आहे नं मी, पाहिलं की तुम्ही आत्ताच."

"एकंदरीत यमुताईनं स्वीडनले लई हसवलं!" प्रयागबाई म्हणाल्या, आणि हॉल दुसऱ्यांदा फुटला. यमुताईही सगळ्यांबरोबर हसल्या, तोंडाला पदर लावून.

गिरिधररावांनी पडद्याकडे पाठ केली. "तर असं हे गोथेनबर्ग," ते म्हणाले आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यांनी आपण होऊन माईक खाली ठेवला. वामनरावांनी त्यांना शाल पांघरली, नारळ दिला, आणि मासळीच्या देवळाचा किस्सा आपण मरेपर्यंत विसरणार नाही असं सांगितलं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण गिरिधरराव आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले होते. ती शाल अंगावर घेऊन चहा पिताना त्यांना कोणाकडे बघवेना.

घर चार मिनिटांवर. दोघं चालत आले. यमुताईंनी आल्या आल्या नारळ देवापुढे ठेवला, साडी बदलली, कुकर लावला. गिरिधरराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"यमू, चुकलं माझं. लोक हसले अन् मी वाहवत गेलो."

"लोक हसणारच. हसण्यासारखंच केलं होतं मी." त्यांनी गॅस बारीक केला. "एक विचारू? तुम्हाले माहीत होतं, तर मले थांबवलं काहून नाही?"

खोटं सांगायला भरपूर जागा होती. तू भराभर पुढे गेलीस, मी हाक मारणार होतो, असं काहीही चाललं असतं. पण आज गिरिधररावांचं खोटं बोलायचं बळच संपलं होतं.

"फोटो चांगला येऊन राहिला होता," ते म्हणाले.

यमुताईंनी मान हलवली, जणू भाजीवाल्याने भाव सांगितला. मग म्हणाल्या, "पोळ्या करू की भातच चालेल?"

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत, रुसल्याही नाहीत. सकाळचा चहा वेळेवर, गोळ्यांची डबी टेबलावर. फक्त दुपारी जेवताना नेहमी ज्या इकडच्या तिकडच्या गोष्टी त्या सांगत, शेजारच्या मोलकरणीने काय म्हटलं, आपण दळणाच्या पिठात कशी गडबड केली, त्या बंद झाल्या. आपलं हसं होईल असं काहीही आता त्या नवऱ्याच्या हाती देत नव्हत्या, हे गिरिधररावांना तिसऱ्या दिवशी कळलं.

चौथ्या दिवशी कामठीहून बाबारावांचा फोन आला. तिथल्या ज्येष्ठांच्या मंडळाचे ते सचिव. "गिरिधरभाऊ, लई तारीफ ऐकून राहिलो तुमची. पुढच्या रविवारी आमच्याकडे या. तो मासळीचा किस्सा मात्र पाहिजे बरं का!"

यमुताई समोरच मेथी निवडत बसल्या होत्या. गिरिधरराव ताठ झाले. चार दिवस छातीवर बसलेला दगड उतरवायची वाट त्यांना अचानक दिसली.

"तो नाही सांगणार, बाबाराव," ते मोठ्याने म्हणाले. "त्याहून भारी आहे एक. नावेतला. त्यात फजिती माझी आहे. तुमच्या वैनीनं मले कसं वाचवलं, ते सांगतो सगळ्यांले. सारं खरं खरं..."

यमुताईंनी मेथी खाली ठेवली. उठल्या, नवऱ्याच्या हातातून मोबाईल घेतला, "थोड्या वेळानं करतात हे," म्हणून बंद केला.

"तो किस्सा माझा आहे," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण असा आवाज गिरिधररावांनी पंचेचाळीस वर्षांत ऐकला नव्हता. "मी झाकलेली लाज आहे ती. बाटली माझी, साडी माझी, हसं माझं झालं. तुम्ही ती आता माईकवर मिरवणार? अन् लोक म्हणतील, वा वा, काय मोठ्या मनाचा माणूस! शाल देतील आणखी एक."

"मग मी करू काय?" गिरिधररावांनी विचारलं. "मले राहवून नाही राहिलं, यमू. तोंड दाखवायला लाज वाटते तुले."

"वाटू द्या," यमुताई म्हणाल्या, आणि मेथी निवडायला बसल्या.

गिरिधररावांनी बाबारावांना नकार कळवला. प्रकृतीचं कारण सांगितलं. 'आमच्या गोथेनबर्गले' हे शब्द पुन्हा त्यांच्या तोंडी आले नाहीत, आणि मंडळाने दोनचार दिवस नवल करून सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात यमुताईंची भाची मिनल दिल्लीहून चेन्नईला जायला निघाली. गाडी नागपूरला थांबते, आणि नागपूरवरून जाणारा नातेवाईक डब्यावाचून पुढे गेला तर ते नागपूर कसलं? यमुताईंनी पुरणपोळ्या केल्या, वडाभात केला, आणि दोघं रिक्षाने स्टेशनकडे निघाली. डबा यमुताईंच्या मांडीवर. वाटेत टेकडीचा गणपती लागतो. लग्न होऊन त्या या गावात आल्या तेव्हापासून, बसमध्ये असोत, स्कूटरवर असोत की भांडणाच्या ऐन मध्यावर असोत, त्या वळणावर यमुताईंचा हात आपोआप कपाळाकडे जाई. ताजबागचा दर्गा आला तरी जाई, चर्च आलं तरी जाई. गिरिधरराव त्यावरूनही त्यांना पुष्कळ चिडवत आले होते.

वळण आलं, सिग्नलला रिक्षा थांबली. हात उठला. छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. यमुताईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे, त्याच्या शर्टाच्या खिशातल्या मोबाईलकडे.

"कर नं," गिरिधरराव पुटपुटले.

"हे देऊळच आहे नं?" यमुताईंनी विचारलं.

त्या टोमणा मारत होत्या का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. खरंच विचारत असाव्यात, असं वाटून गिरिधररावांचे कान तापले, डोळे भरून आले.

"देऊळच आहे," ते म्हणाले. यमुताईंनी ते ऐकून घेतलं, हात तसाच खाली आणला आणि डब्याचं झाकण घट्ट बसलं आहे ना ते पाहिलं. सिग्नल सुटला आणि रिक्षा स्टेशनच्या गर्दीत शिरली.